रडका चेहरा कुठला दाबू?

रात्री पावणेदोनला मुतखड्याने उचल खाल्ली आणि मी कॅज्युअल्टीत पोचलो. कुठल्या, ते विचारू नका. सगळीकडे तोच एसी आणि तोच डिपॉझिटचा काउंटर.

सिस्टरने पुढे तक्ता धरला. सहा गोल चेहरे. पहिला हसरा, शेवटचा ढसाढसा रडणारा. "काका, दुखणं शून्य ते दहात किती?" मी स्ट्रेचरवर या कुशीवरून त्या कुशीवर गडाबडा लोळत होतो, दोनदा ओकून झालं होतं. शेवटच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. तिने सुरेख अक्षरात 'दहा' लिहिलं आणि ती गेली. दहा झाल्यावर काय करायचं, ते तक्त्यावर छापलेलं नव्हतं.

"इंजेक्शन?" बायकोने विचारलं.

"सर आल्यावर. आधी दिलं तर निदान झाकलं जातं."

ही समजूत माझ्या आजोबांच्या वेळची. कळ थांबवल्याने पोटदुखीचं निदान चुकत नाही, हे तपासून बघितल्यालाही आता जमाना झाला. पण ती समजूत अजून नाइट ड्यूटी करते आहे.

सव्वा तास गेला. मग उशाशी एक टॅब आला: 'आमच्या सेवेबद्दल आपलं मत'. त्यावर पाच चेहरे. तेच हो! तेच गोल, तेच अश्रू, चित्रकारही एकच असावा. मी रडका दाबला आणि काय सांगू, तीन मिनिटांत टाय लावलेला एक तरुण धावत आला. रात्री तीनला टाय! "सर, आमचं कुठे चुकलं?" म्हटलं, इंजेक्शन. त्याने फोन फिरवला, विस्कटलेल्या केसांचे डॉक्टर आले, डायक्लोफेनॅकची सुई टोचली आणि अर्ध्या तासात मी माणसात आलो. म्हणजे औषध कपाटात होतं, डॉक्टर वरच्या मजल्यावर होते, खोळंबा फक्त योग्य चेहऱ्याचा होता. तक्त्यावर रडत होतो तो मी; टॅबवर रडायला लागलं ते त्यांचं रेटिंग. आणि माझं निदान नुसत्या मुतखड्यावर तरी निभावलं. कॅन्सरच्या माणसाला मॉर्फिन सुलभपणे मिळावं म्हणून १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली, अफू आपल्याच मध्य प्रदेशात आणि राजस्थानात सरकारी परवान्याने पिकते, तरी चिठ्ठी घेऊन गावोगाव हिंडणारे नातेवाईक मी पाहिलेत. त्यांच्या हातात कोण टॅब देणार? घरी कण्हणाऱ्याचं समाधान मोजायला कुणाचा टाय सुटतो?

सकाळी डिस्चार्जच्या वेळी तो तरुण पुन्हा हजर. "सर, आता चेहरा बदलता?" बदलला. बिल अजून हातात पडायचं होतं.

तेव्हा वाचकहो, अपरात्री कळ उठलीच तर तक्त्याच्या नादी लागू नका. आत शिरताच टॅब मागा.