गोठलेल्या दहिवरास अनावृत पत्र

श्री. रा. रा. गोठलेले दहिवर यांस,
मु. पो. आमची मागची बाग, लेस्टर, इंग्लंड.

स. न. वि. वि.

परवा रात्री आपण येऊन गेलात. भेट झाली नाही, पण सकाळी केळीकडे पाहताच ओळख पटली. पानं उकडलेल्या अळूसारखी काळपट होऊन लोंबत होती. डेलियांचाही आपण एका रात्रीत निकाल लावलात. मेक्सिकोच्या झाडांनी इंग्रजी नोव्हेंबरात फुलायची हौस धरावीच का, हा आपला मुद्दा बिनतोड आहे.

आपल्या चातुर्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. वादळवाऱ्यात आपण येत नाही, ढगाळ रात्री तर नाहीच. मुहूर्त काढता तो निरभ्र, वारा पडलेल्या रात्रीचा. आम्ही खिडकीतून ‘काय चांदणं पडलंय!’ म्हणत असतो, तेव्हा बाहेर जमीन दिवसभराची ऊब आकाशाला देऊन मोकळी होते. अडवायला ढग नसतात. हवामानखातं म्हणतं, किमान तापमान 3 अंश. खोटं नाही. फक्त ते मोजलं जातं जमिनीपासून सव्वा मीटरवर, जाळीच्या पेटीत. आपण उतरता खाली गवतावर, जिथे पारा केव्हाच शून्याखाली गेलेला असतो. आकडाही खरा आणि झाडही मेलं! सरकारी खात्यात आपण फार वर चढला असता.

शिवाय थंड हवा जड, ती उताराने ओघळत येऊन कुंपणाशी साचते. लोक नाजूक कुंड्या ‘आडोसा आहे’ म्हणून नेमक्या तिथेच मांडतात. आपल्याला घरपोच सेवा. शेजारच्या बाईंनी प्लास्टिक थेट पानांवर अंथरलं, तर जिथे जिथे ते टेकलं तिथे तिथे आपण सही करून गेलात.

महत्त्वाकांक्षाही थोर. सिली बेटांपैकी ट्रेस्कोवरच्या एका जुन्या बागेत समुद्राच्या उबेमुळे दक्षिण गोलार्धातली झाडं उघड्यावर वाढतात. 1987च्या जानेवारीत आपण बर्फ घेऊन तिथेही पोचलात आणि त्या बागेतली बहुतेक झाडं उठवलीत.

आमच्या मुलखात मात्र आपला थाट वेगळा. महाबळेश्वरी वेण्णा तलावाकाठी गवतावर बसलात की लोक पहाटे उठून फोटो काढायला येतात, वर्तमानपत्रात छापून येता. निफाडच्या द्राक्षबागायतदाराला विचारा. तो तुमचा फोटो काढत नाही. तो बागेत शेकोट्या पेटवतो, विहिरीचं त्यातल्या त्यात कोमट पाणी सोडतो आणि तुमच्या नावाने जे बोलतो ते इथे लिहिण्याजोगं नाही.

तर, पुढच्या भेटीपूर्वी काही गोष्टी कळवते. कढीपत्ता ऑक्टोबरातच घरात आला आहे. दहा अंशांखाली तो तसाही रुसतो. मोगरा त्याच्या शेजारी, स्वयंपाकघराच्या खिडकीत. केळीची पानं उतरवली, खोडाभोवती जाळी उभी करून आत कोरडा पेंढा ठासला, वर झाकण घातलं. ही केळ जपानी जातीची, तिचा कंद चिवट असतो. टास्मानियाच्या नेच्याच्या शेंड्यातही पेंढाच. उरलेल्या कुंड्यांना बबल रॅप गुंडाळला, कारण कुंडीतल्या मुळांना चहूबाजूंनी थंडी लागते. पानांवर फ्लीसचं पांढरं कापड, काठ्यांवर, अंगाला न टेकवता. दोन-तीन अंशांपुरतं ते राखतं. त्यापलीकडे आपली मर्जी.

आणि हो, मेच्या मध्यापर्यंत आपण इथेच घोटाळता हे ठाऊक आहे. एप्रिलात चार दिवस ऊन दाखवायचं, आम्हाला कुंड्या बाहेर काढायला लावायच्या आणि मग एका रात्री हळूच यायचं, ही खेळी जुनी झाली. या खेपेस दार उघडणार नाही.

कळावे, लोभ आवरता असावा.

आपली,
एक कढीपत्तेवाली

ता. क. गाडीची काच आपल्याला मोकळी आहे. तिथे हवं तेवढं बसावं.