राजाचा मुक्काम आणि कुटुंबाची सहल

फ्रान्समधील ल्वार नदीच्या खोऱ्यात सहकुटुंब जाणारे पर्यटक एका दिवसात तीन-तीन ‘शातो’, म्हणजे राजेरजवाड्यांचे किल्लेवजा प्रासाद, उरकण्याचा जो संकल्प सोडतात, त्याला इतिहासाचा आधार नाही असे म्हणवत नाही. कारण पहिल्या फ्रान्स्वाने १५१९ मध्ये बांधायला घेतलेल्या, चारशेहून अधिक खोल्यांच्या शांबोरमध्ये खुद्द तो राजाही साऱ्या कारकिर्दीत मोजकेच आठवडे राहिला, आणि तेही सामानसुमान बरोबर वाहून आणून. तेथील दुहेरी सर्पिल जिना, ज्यावर चढणारा आणि उतरणारा एकमेकांसमोर येत नाहीत, वेळापत्रकावरून बिनसलेल्या दांपत्यांना मात्र (वास्तुकारांच्या हे ध्यानी नसावे) विशेष सोयीचा आहे. एरवी दिवसाला एक प्रासाद पुरेसा आहे.