जावईबापू अडकले!

अहो वहिनी, ऐकलंत का? जरा कुंपणाशी या ना, मोठ्यांदा बोलायची सोय नाही. त्या कोपऱ्यावरच्या घरातले जावईबापू... हो हो, तेच, रोज सकाळी दंड दाखवत पळणारे. रविवारी स्टॅनेजच्या कड्यावर चढताना अडकले की! आणि तेही सासू-सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत.

मी होते ना तिथे. गाडीत एक जागा रिकामी होती, म्हणाले चला. शेफिल्डमध्ये ऊन पडल्यावर घरात कोण बसतंय! त्यांच्या बायकोच्या आईला, म्हणजे मिरजेहून आल्यात ना त्यांना, वाटलं पिकनिक. पोळ्या, बटाट्याची भाजी, लिंबाचं लोणचं, सगळं बांधून घेतलं बिचारीने. वाटेत ते जात्याचे मोठाले दगड नाही का गवतात पडलेले, तिथे थबकल्या. "एवढं घडवलं आणि न्यायला कोणी आलंच नाही?" फार लागलं हो त्यांना. मी म्हटलं, ते सोडा, वर कडा बघा, 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये कीरा नाइटली उभी होती ना, तो हाच. तर त्यांचं लक्ष पाटीकडे. रिंग ऊझल पक्ष्याने घरटं केलंय, या बाजूला चढू नका, अशी पाटी. "पक्षिणीच्या बाळंतपणासाठी कडा बंद! आमच्या वेळी आम्हाला पाणीसुद्धा..." असो, ते वेगळंच पुराण.

तर काय सांगत होते... हां, कड्यातली ती भेग, जिच्यातून चढायचं होतं. लेकीने चढाईचं पुस्तक उघडून वाचलं, "व्हेरी डिफिकल्ट." आईचा चेहरा खर्रकन उतरला! जावईबापू हसायला लागले. "अहो आई, इथे ही बालवाडी. मॉडरेट, डिफिकल्ट, व्हेरी डिफिकल्ट, मग सीव्हियर, आणि पुढे खरी मजा." इंग्रजांचं सगळं असंच, तुम्हाला माहीत आहे. भेग जेमतेम दहा-बारा मीटरची. पण खालून बघा म्हणजे कळेल जेमतेम म्हणजे काय ते.

आणि इथे कड्याला भोक पाडायचं नाही, खिळा ठोकायचा नाही. आपलं सामान आपण न्यायचं, भेगेत बसवायचं, त्यात दोर अडकवायचा आणि मागून येणाऱ्याने एकेक काढत यायचं. लेकीचे बाबा इतका वेळ गप्प होते हो. सगळी हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलेला माणूस. त्यांनी तारेला लावलेला एक लोखंडी तुकडा हातात घेतला... लोखंडी कसला, ॲल्युमिनियमचा. उलटा केला, सुलटा केला, आणि म्हणाले, "अगं, ही तर पाचर!" वरून रुंद, खाली निमुळती. भेग जिथे खाली अरुंद होते तिथे वरून सोडायची, की दोराला हिसका बसला तरी आणखी रुतते. लेक म्हणाली, "बाबा, पूर्वी वेल्समध्ये स्नोडनच्या रेल्वेलाइनवर पडलेले खरेखुरे नट उचलायचे, आतले आटे काढून टाकायचे आणि दोरी ओवायची." बाबांचा चेहरा असा फुलला म्हणता! "म्हणजे आमच्याच खात्याचा माल!"

मग तिने हातांना चिकटपट्टी गुंडाळली. जावयांना म्हणाली, तुम्हीही बांधा. "छे! जिममध्ये कडक झालेत माझे हात." बरं बाई. हे वाक्य लक्षात ठेवा.

पोरगी चढली मात्र काय सुरेख! खाली दोर जावयांच्या हातात. आई माझ्या कानात पुटपुटल्या, "लग्नात दिली होती, आज पुन्हा दिली." तिने हात भेगेत घातला, अंगठा वर, मग तोच तळव्यात दाबला. झालं! बरणीत हात घालून मूठ केल्यावर निघत नाही ना, अगदी तसा बसला. बूट आडवा घालायचा, गुडघा सरळ करत पिळायचा, आणि त्या पायावर उभं राहायचं. ओढाओढ नाही, धसमुसळेपणा नाही. दोन पावलं चढायची, एक पाचर, तार ओढून बघायची, पुढे. वर पोचून दोर बांधून घेतला आणि ओरडली, "सेफ!" आईंनी तिथल्या तिथे हात जोडले.

आता जावईबापू. अहो, दंड असे... पण दंडाचं तिथे काय काम? हे भेगेच्या कडा धरून ओढतायत आपले, हात आत घालायचं नावच नाही. तो ग्रिटस्टोन म्हणजे नुसती किसणी. अर्ध्यावर गेले आणि "टेक! टेक!" तिने वरून दोर ताणला, हे लोंबकळले. बरं, समोर पाचर अडकलेली. ती हुकाची पट्टी असते ना, तिने ठोकतायत, तार धरून खाली हिसडतायत. जेवढे हिसडतील तेवढी ती घट्ट! वरून लेक काहीतरी सांगतेय, वाऱ्यात ऐकू येत नाही. शेजारच्या भेगेवरची गोरी मंडळी चहाचे थर्मास घेऊन बघत बसलेली.

आणि बाबा उठले. दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडले, "जावईबापू! गेली तशीच निघेल! वर ढकला, खाली ओढू नका!"

यांनी वर ढकलली. खट्! हातात आली. वहिनी, त्यांचा चेहरा... मी बघितलाच नाही असं दाखवलं.

खाली आल्यावर लेकीने सावरून घेतलं हो. म्हणाली, भेगेत हात अडकवायला सगळ्यांनाच शिकावं लागतं. यातला मोठा माणूस म्हणजे जो ब्राऊन. याच स्टॅनेजवर 1949 मध्ये राइट अनकाँकरेबल नावाची वाट चढला, आणि 1955 मध्ये जॉर्ज बँडबरोबर कांचनगंगेवर पहिल्यांदा. शिखराच्या अगदी खाली एक भेग आडवी आली, तीही त्याने अशीच हात अडकवून काढली. ऑक्सिजन लावून! आणि वर पोचून शेवटची चार पावलं टाकलीच नाहीत, सिक्कीमच्या राजाला शब्द दिला होता म्हणून. बाबांनी विचारलं, "करायचा काय हा?" "प्लंबर, मँचेस्टरचा." "मग!" बाबा म्हणाले. एवढंच. पण ते 'मग' म्हणताना जावयांकडे असं बघितलं... अहो, जावई लॅपटॉपवाले ना!

नंतर डबा उघडला. जावयांच्या बोटांची सालं निघालेली, त्यात लिंबाच्या लोणच्याचा खार लागला. असे किंचाळले की मेंढ्या पळाल्या. रात्री वरणभात चमच्याने. तेवढ्यात नागपूरहून त्यांच्या आईंचा व्हिडिओ कॉल. "चमच्याने काय खातोस रे? हाताला काय झालं?" सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. तर बाबा पुढे होऊन म्हणतात, "काही नाही हो विहीणबाई, जावईबापूंना पाचर काढायला शिकवलं." पलीकडे विहीणबाईंचा चेहरा... सुनेचा बाप म्हणतोय पाचर, त्यांना वेगळंच वाटलं असणार!

अय्या, बघा बघा, आलेच इकडे. बोटांना पट्ट्या आहेत ना? हवापाण्याचं बोला, कड्याचं अवाक्षर काढू नका. नाहीतर तुम्ही विचाराल पटकन...