पहिली पंगत की दुसरी?

वारज्यातल्या आमच्या सोसायटीतले काका-काकू क्रूझला निघालेत. घोर बोट लागण्याचा नाही. एजंटनं विचारलंय, रात्रीचं जेवण सहाचं की साडेआठचं? जहाजावर माणसं दोन-तीन हजार, भोजनगृहात एका वेळी मावतात निम्मी, म्हणून या दोन पाळ्या.

सहाला काकूंचा चहा होतो, सोबत एक खारी, फार तर दीड. आणि साडेआठला काकांची जेवणानंतरची गोळीसुद्धा पोटात गेलेली असते. सूर्यास्ताआधी जेवणाऱ्या शेजारच्या शहाकाकांनी मात्र सहाची पाळी विचार न करता धरली. धर्म असा वेळेला उपयोगी पडतो.

मी म्हटलं, "काका, यात नवं काय? कार्यालयात हेच असतं. पहिल्या पंगतीला जिलबी गरम, पण आग्रह करायला कुणी मोकळं नाही. दुसरीला आग्रह भरपूर आणि मठ्ठा पातळ."

"अरे, पण तिथं जेवणाऱ्याच्या खुर्चीमागं उभं राहता येतं का?"

मुद्दा बिनतोड होता. मागं उभं राहून समोरच्याच्या ताकभाताकडे टक लावल्याशिवाय आपल्याला जागा मिळाल्यासारखी वाटतच नाही.

काकांचे आजोबा मुंबईहून कोकणच्या बोटीनं जात, भाकरी फडक्यात बांधून. भूक लागली की गाठ सुटायची.

अखेर साडेआठ ठरलंय. सहाच्या भुकेसाठी काकूंनी दोन किलो चिवडा केलाय. बॅगेचं वजन मीच करून दिलं.