नववा महिना, सगळ्या घराचा

एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या हायडेलबर्गला फ्रान्झ नेगेले नावाचे प्रसूतितज्ज्ञ होऊन गेले. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस घ्यायचा, त्यात सात दिवस मिळवायचे, तीन महिने मागे यायचं आणि वर्ष पुढचं धरायचं, की बाळंतपणाची तारीख निघते, हा त्यांच्या नावावर चालणारा हिशेब. एकूण २८० दिवस. आजही पुण्या-नाशिकातल्या दवाखान्यात पहिलटकरणीच्या फाइलीवर जी तारीख ठळक अक्षरांत लिहिलेली असते, तिच्या मुळाशी हेच गणित असतं. सोनोग्राफी ती थोडी पुढेमागे सरकवते, एवढंच. नेमकी त्याच तारखेला जन्मणारी बाळं मात्र शंभरात चार-पाच. हे डॉक्टरांना ठाऊक असतं, ते पहिलटकरणीला सांगतातही, आणि घरातलं बाकी कुणी ते कानावर घेत नाही.

तारीख कळली की घर कामाला लागतं. रेल्वेचं आरक्षण आता साठच दिवस आधी उघडतं, त्यामुळे कोल्हापूरची मावशी बरोब्बर साठाव्या दिवशी सकाळी आठला मोबाइल घेऊन बसते आणि तारखेच्या आदल्या दिवशीचं तिकीट काढून मोकळी होते. सासूबाई कालनिर्णय काढतात. त्या दिवशी अमावास्या निघते. मग चहाचा कप पुढे करता करता, अगदी सहज विचारतात, "एखादा दिवस इकडेतिकडे होत नाही का गं? डॉक्टरांना विचारून बघ." हा प्रश्न ऐकायची डॉक्टरांना सवय झालेली असते. मुहूर्त गाठून सिझेरियन करा म्हणणारी मंडळी त्यांना नवीन नाहीत.

पोट दिसायला लागल्यापासून ते तिचं एकटीचं राहिलेलंच नसतं. सोसायटीच्या लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, बँकेच्या रांगेत, जिथे जाईल तिथे त्यावर निदान होतं. पोट टोकदार, म्हणजे मुलगा. गोल, म्हणजे मुलगी. चेहऱ्यावर तेज आलं तर एक, वांग आले तर दुसरं. आंबट खावंसं वाटलं तर काय आणि गोड वाटलं तर काय, यावर दोन घराण्यांचे दोन सिद्धान्त असतात आणि ते नेमके एकमेकांच्या उलट असतात.

आणि सोनोग्राफीच्या केंद्रात मात्र भिंतीवर पाटी असते, इथे गर्भलिंगनिदान केलं जात नाही. महाराष्ट्राने १९८८ साली यासाठी कायदा केला तेव्हा देशात असा कायदा नव्हता. केंद्राचा १९९४ साली आला. तपासणाऱ्याने शब्दाने, खुणेने किंवा आणखी कुठल्याही मार्गाने सांगायचं नाही, इतकी त्याची भाषा चोख आहे. पण डोहाळजेवणात हिरवी साडी, फुलांचे दागिने, हातात धनुष्यबाण अशा थाटात ती झोपाळ्यावर बसली, की तिच्यापुढे दोन झाकलेल्या वाट्या येतात. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. हलवायावर कोणताच कायदा चालत नाही. खेळ निरागस आहे, हे खरं. पण २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, म्हणून वाटी उघडते तेव्हा वाटीपेक्षा भोवतालचे चेहरे बघावेत. बर्फी निघाली की "पहिली बेटी, धनाची पेटी!" हे जरा जास्तच मोठ्याने म्हटलं जातं. पेढ्याला असं समर्थन लागत नाही.

हे सगळं चालू असताना तिचं शरीर आपलं काम करत असतं. एरवी सत्तर ग्रॅमच्या आसपास असलेलं गर्भाशय आता किलोभराचं झालेलं असतं. अंगातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढलेलं असतं. आठवड्याभरापूर्वी बाळाचं डोकं खाली सरकलेलं असतं, त्यामुळे श्वास घ्यायला बरं वाटतं आणि वाचलेल्या त्या सगळ्या जागेची वसुली मूत्राशयाकडून होते. झोपायचं तर कुशीवर, शक्यतो डाव्या, कारण उताणं झोपलं की गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर पडतो. उजवीकडची कूस डावीकडे करणं म्हणजे मालगाडीला रूळ बदलायला लावणं. आधी उशी, मग गुडघे, मग पोट, मग बाकीची ती. एवढं करून डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा उठावं लागतं. शेजारी नवरा आठ तासांची झोप पूर्ण करून सकाळी विचारतो, "रात्री काही त्रास नाही ना झाला?"

मधूनच पोट दगडासारखं घट्ट होतं. घरात धावपळ उडते. नवरा गाडीची किल्ली शोधतो, आई देवापुढे निरांजन लावते, आणि पाच मिनिटांत पोट पुन्हा मऊ होतं. या खोट्या कळांचं वर्णन जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरने १८७२ साली केलं, म्हणून त्या त्याच्या नावाने ओळखल्या जातात. येतात बाईला, नाव डॉक्टरचं. हे वैद्यकशास्त्रात इतक्यांदा झालंय की त्याबद्दल आता कुणी काही बोलत नाही.

तयारीच्या बाबतीत घरात दोन पक्ष पडतात. एका पक्षाचं म्हणणं, बाळ येण्याआधी त्याच्यासाठी नवीन काही आणायचं नाही, अपशकुन असतो. दुसऱ्या पक्षाच्या मोबाइलमध्ये पाळणा, बाबागाडी, बाटल्या उकळायचं यंत्र आणि बाळाला झुलवणारं एक विजेवरचं प्रकरण 'कार्ट'मध्ये कधीचं पडून असतं. तोडगा आजी काढते. तिच्या दोन जुन्या नऊवारी सुती साड्या, धुऊन धुऊन सायीपेक्षा मऊ झालेल्या, ती फाडते आणि त्यांची दुपटी नि लंगोट शिवते. नवीन नाही, म्हणजे अपशकुन नाही. आणि मऊ म्हणाल तर दुकानात तसं मिळत नाही. झबली, टोपडी आणि कुंची भाचरांची आलेली असते. दवाखान्याच्या पिशवीत आधार कार्ड, विम्याचं कार्ड, फाइल आणि दोन गाऊन यांच्या वर आजी कानटोपी ठेवते. महिना मे असतो, गाव नागपूर असतं. जावई हसतो. पण टोपीच्या बाबतीत डॉक्टर आजीच्या बाजूचे निघतात. नवजात बाळाच्या अंगातली बरीच उष्णता डोक्यावाटे जाते.

अळीव, डिंक, खारीक, बाळंतशेपा हे सगळं बरणीत जाऊन बसलेलं असतं. त्यांवर वाद नाही. वाद बाळगुटीवरून होतो. सहाणेवर उगाळायची मुरुडशेंग, हळकुंड, जायफळ, वेखंड अशी पुरचुंडी आईने सांभाळून ठेवलेली असते आणि बालरोगतज्ज्ञ सांगतात, सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही. जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. "मग तू कशी वाढलीस?" हा आईचा प्रश्न पुराव्याच्या दृष्टीने कच्चा असला, तरी त्याला उत्तर द्यायची ताकद नवव्या महिन्यात कुणात नसते. ती मान डोलावते आणि पुरचुंडी कुठे ठेवलीय ते बघून ठेवते, म्हणजे नंतर लपवता येईल.

ऑफिसचं आणखी निराळं. २०१७ची कायद्यातली दुरुस्ती पहिल्या बाळाला सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा देते, त्यांतले जास्तीत जास्त आठ आठवडे आधी घेता येतात. पण आधी घेतलेला प्रत्येक दिवस बाळाच्या वाट्याचा जातो, म्हणून ती शेवटच्या आठवड्यापर्यंत लॅपटॉप पोटावर टेकवून मीटिंगा करते. बाळ आतून लाथ मारतं, स्क्रीन हलते, आणि पलीकडून कुणीतरी म्हणतं, "तुझं नेट अनस्टेबल आहे का?" नवऱ्याला बायकोच्या बाळंतपणासाठी रजा हवी असेल तर तो केंद्र सरकारी नोकर असलेला बरा, त्यांना पंधरा दिवस मिळतात. खासगीत कंपनीची मर्जी.

शेवटी खऱ्या कळा येतात. अर्थातच तारखेला नाही. मावशीची गाडी येऊन तीन दिवस झालेले असतात आणि परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं असतं. पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघा, आणि पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर कशाचीच वाट बघू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं असतं. घरात तीन घड्याळांवर मोजणी सुरू होते. नवऱ्याचं ॲप म्हणतं सहा मिनिटं, आईचं मनगटी घड्याळ म्हणतं चार, आणि भिंतीवरचं दहा मिनिटं पुढे असल्याने त्याचा निर्णय सासूबाई स्वतंत्रपणे देतात. जिला कळा येतायत तिला विचारायचं राहून जातं.

दवाखान्यात सिस्टर विचारते, आत सोबत कोण येणार? सरकारी रुग्णालयांत एका सोबतिणीला परवानगी द्यायचं केंद्राने २०१६ साली ठरवलं, तेव्हा ती शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली नातलग बाई असावी असं सुचवलं होतं. खासगीत आता नवराही चालतो. नवऱ्याने वर्गात जाऊन दीर्घ श्वासाचा सराव केलेला असतो, तिच्यापेक्षा जरा जास्तच. आई सासूबाईंना म्हणते, "तुम्हीच जा." सासूबाई म्हणतात, "छे छे, हक्क तुमचा." हे चालू असताना ती दाराची चौकट घट्ट धरून म्हणते, "कुणीही या. फक्त कळ आली की बोलू नका."

सिस्टर तपासते. "दोन बोटंच उघडलंय. पहिलटकरीण आहे, वेळ लागणार. चाला व्हरांड्यात."

ती चालू लागते. मागे नवरा, त्याच्या मागे आई, थर्मास घेऊन सासूबाई आणि परतीचं तिकीट रद्द करायला मोबाइल शोधणारी मावशी. चौथ्या फेरीला मावशी बाकावर टेकते. सहाव्या फेरीला बाकीच्यांनाही जागा मिळते. थोड्या वेळाने वॉर्डातल्या आयाबाई येऊन चौघांना उठवतात, कारण तो बाक पेशंटसाठी असतो.