गाण्यातला मागचा गळा

ऑनलाइन पाहिल्या जाणाऱ्या गाण्याच्या चित्रफितीतून एखादा क्षण उचलून तो छायाचित्र म्हणून जतन करणे, या क्रियेला लोकभाषेत ‘स्क्रीनशॉट मारणे’ असे म्हणतात. या क्रियेचा विचार तंत्रज्ञांनी तंत्राच्या अंगाने केला आणि वकिलांनी हक्काच्या अंगाने केला. परंतु महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत लग्नसराईच्या दिवसांत ती ज्या प्रयोजनासाठी अत्यंत निष्ठेने केली जाते, त्या प्रयोजनाकडे, म्हणजे ब्लाउजच्या मागच्या गळ्याकडे, विद्वानांचे लक्ष गेलेले दिसत नाही. साडी समोरून कळते, पदर समोरून कळतो, बाहीही समोरून कळते. मात्र शिलाईचा भाव ज्यावर ठरतो तो मागचा गळा, त्याची नाडी आणि तिच्या टोकाची लटकने ही गाण्यातील नायिका पाठमोरी झाल्याशिवाय कळत नाहीत, आणि गाण्यातील नायिका पाठमोरी होते ती वळण्यापुरतीच.

या अभ्यासासाठी राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यातील पासली हे स्थळ विशेष सोयीचे मानावे लागते, कारण तेथे सर्व अडचणी एकत्र भेटतात. वेल्ह्याहून केळदकडे आणि पुढे मढे घाटाकडे जाणाऱ्या वाटेवरचा हा सगळा मुलूख भातखाचरांचा, धो धो पावसाचा आणि डोंगरांचा असून, १,४०३ मीटर उंचीचा तोरणा याच भागात उभा आहे. शिवकाळात हे डोंगर शत्रूला अडवीत असत. आता ते मोबाइलच्या लहरी अडवतात. या लहरी बव्हंशी सरळ रेषेत जातात, वाटेत डोंगर आला की पलीकडे सावली पडते, आणि त्या सावलीत बसलेल्या माणसाला ‘रेंज नाही’ असे म्हणावे लागते. रेंज अगदीच नाही असेही नसते. ती थोडी असते, आणि अभ्यासकाचा खरा छळ त्या थोड्या रेंजमुळेच होतो.

कारण असे की यूट्यूबसारखे माध्यम रेंज कमी झाल्यावर गाणे बंद पाडत नाही, तर चित्राची प्रत गुपचूप उतरवते. चित्र ज्या सूक्ष्म ठिपक्यांचे बनते त्यांना पिक्सेल म्हणतात. १०८०पी या उत्तम प्रतीत रुंदीला १,९२० आणि उंचीला १,०८० असे एकूण २०,७३,६०० पिक्सेल असतात, तर १४४पी या सर्वांत खालच्या प्रतीत २५६ गुणिले १४४, म्हणजे अवघे ३६,८६४. याचा अर्थ असा की पुण्यात बसलेल्या करवलीला जो ब्लाउज ५६ ठिपक्यांत दिसतो, तो पासलीतील तिच्या आत्याला एका ठिपक्यात पाहावा लागतो, आणि एका ठिपक्यात मागचा गळा खोल आहे की उथळ, हे सांगणे शास्त्राला अजून साधलेले नाही.

समजा, देवाच्या कृपेने रेंज आली. तरीही पुढचा प्रश्न उरतोच, आणि तो रेंजपेक्षा गहन आहे. चित्रफितीत हालचाल नसते. असतात त्या एकापाठोपाठ एक झरझर दाखवलेल्या स्थिर चौकटी, ज्यांना फ्रेम म्हणतात. सेकंदाला २५ चौकटी धरल्या तर चार मिनिटांच्या गाण्यात ६,००० चौकटी होतात. इतक्या चौकटींतून एक बरी चौकट मिळू नये, हे वरकरणी अशक्य वाटते. परंतु सेकंदाला २५ चौकटींच्या चित्रीकरणात कॅमेऱ्याचा पडदा सामान्यतः सेकंदाचा पन्नासावा भाग उघडा असतो, आणि सेकंदाला दोन मीटर या मध्यम वेगाने फिरणारा हात तेवढ्या वेळात चार सेंटिमीटर सरकतो. डोळ्याला जी खणखणीत हिरव्या बांगड्यांची रांग दिसली, ती चौकटीत चार सेंटिमीटर लांबीचा हिरवा धूर म्हणून उमटते. नृत्य जितके चांगले, तितका धूर अधिक. त्यामुळे स्क्रीनशॉटच्या दृष्टीने सुमार नर्तकीच उत्तम ठरते, हा निष्कर्ष कलासमीक्षकांना रुचणार नाही, पण त्याला इलाज नाही.

त्यातही या ६,००० चौकटींपैकी पूर्ण चित्र साठवलेल्या चौकटी फारच थोड्या असतात. जागा वाचवण्यासाठी २००३ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध झालेल्या एच.२६४ यासारख्या पद्धतीत काही काही अंतराने एक चौकट संपूर्ण साठवतात, तिला आय-फ्रेम म्हणतात, आणि मधल्या चौकटींत बहुतांशी आजूबाजूच्या चौकटींच्या तुलनेत काय बदलले एवढेच टिपून ठेवतात. स्थिर भिंतीपुढे उभ्या राहिलेल्या नायकाला ही काटकसर मानवते. पावसाला ती मुळीच मानवत नाही, कारण पावसात प्रत्येक चौकटीतला प्रत्येक थेंब बदललेला असतो. सबब, मढे घाटासारख्या ठिकाणी धबधब्यापुढे भिजत चित्रित केलेले गाणे कमी रेंजमध्ये पाहिले असता धबधबा, नायिका आणि सह्याद्री ही तिन्ही एकाच करड्या चौकोनांत विलीन होतात. वेदान्ताला जे अद्वैत सिद्ध करायला शेकडो वर्षे लागली, ते येथे सेकंदाभरात हाती येते.

आता मानवी घटकाकडे वळू. दृश्य पाहून बोट हलवायला माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो, म्हणजे पाच चौकटी. नायिका वळली हे आत्याला कळेपर्यंत आणि कळल्याची वर्दी अंगठ्याला पोहोचेपर्यंत नायिका पुन्हा समोर आलेली असते. शिवाय बहुतेक अँड्रॉइड मोबाइलवर स्क्रीनशॉटसाठी पॉवरचे आणि आवाज कमी करण्याचे अशी दोन बटणे एकाच क्षणी दाबावी लागतात. पहिले आधी दाबले गेले तर पडदा काळा होतो आणि दुसरे आधी दाबले गेले तर गाण्याचा आवाज उतरतो. भाकरी थापून तयार झालेल्या मनगटाला ही एकाच क्षणाची अट अन्यायाची वाटते. वेग ०.२५ वर आणून गाणे चौपट संथ करण्याची युक्ती घरातील शाळकरी मुले शिकवतात आणि ती खरोखर गुणकारी आहे, कारण पाच चौकटींची चूक त्यामुळे सव्वा चौकटीवर येते; मात्र तेवढा वेळ गायकाचा आवाज कण्हल्यासारखा लांबत घरभर घुमत राहतो आणि ओसरीवरील वडीलधारी मंडळी ‘कोण आजारी आहे?’ अशी चौकशी करतात.

गाणे थांबवून चित्र घेण्याचा मार्ग सोपा दिसतो, पण थांबवताच पडद्यावर मधोमध त्रिकोणी बटण, खाली लाल पट्टी आणि वर गाण्याचे लांबलचक नाव अवतरते. संगणकावर यूट्यूब थांबवले असता स्वल्पविरामाच्या कळीने एक चौकट मागे आणि पूर्णविरामाच्या कळीने एक चौकट पुढे जाता येते, ही माहिती येथे केवळ पूर्णतेसाठी नोंदवली आहे. विरामचिन्हांचा एवढा काटेकोर उपयोग मराठीत अन्यत्र क्वचितच आढळतो.

मागचा गळा सोडून ज्यांना चेहरा हवा असतो, अशा तरुण संशोधकांची अडचण वेगळी आहे. माणूस मिनिटाला साधारण १५ वेळा पापण्या मिटतो आणि दर वेळी सेकंदाचा पाचवा भाग घेतो असे धरले, तर मिनिटातील तीनच सेकंद डोळे मिटलेले असतात, म्हणजे वीस चित्रांत एक चित्र बिघडायला हवे. प्रत्यक्षात याच्या उलटेच प्रमाण हाती लागते, कारण प्रेमगीत गाणारा मनुष्य पापण्यांच्या गरजेने नव्हे, तर भावनेच्या भरात डोळे मिटतो आणि मिटूनच ठेवतो. तोंडाचे तर विचारूच नये. स्वर उच्चारताना ते उघडे असते, आणि गाणे म्हणजे मुख्यतः लांबवलेला स्वर. ओठ पूर्ण मिटतात ते फक्त प, ब, भ, म यांसारख्या ओष्ठ्य व्यंजनांना, तेही सेकंदाच्या दहाव्या भागाइतकेच. म्हणजे शोभिवंत चेहऱ्याच्या वाट्याला दर व्यंजनामागे अडीच चौकटी येतात. २०२४ मध्ये गाजलेल्या संजू राठोड यांच्या ‘गुलाबी साडी’च्या शीर्षकात असा एकच वर्ण आहे. गीतकारांनी पुढील काळात ‘म’चा सढळ वापर केला, तर स्क्रीनशॉट मारणाऱ्यांवर उपकार होतील, ‘आ’कारान्त यमकांवर मात्र काही वर्षे बंदी घालण्यास हरकत नाही.

इतक्या खटाटोपानंतरही जे चित्र मुळात मन ओढून घेते, म्हणजे गाणे सुरू होण्यापूर्वी दिसणारे छोटे मुखचित्र, ज्याला थंबनेल म्हणतात, ते गाण्यात कितीही शोधले तरी बहुधा सापडत नाही, कारण ते अनेकदा गाण्यातले नसतेच. ते वेगळ्या कॅमेऱ्याने, वेगळा प्रकाश टाकून, नायिकेला ‘हलू नका’ असे सांगून घेतलेले असते. यात नवीन फसवणूक काही नाही. चित्रपटांच्या सेटवर स्टिल फोटोग्राफर नावाचा स्वतंत्र मनुष्य पूर्वीपासून असतो आणि जत्रेतील तंबूच्या टॉकीजबाहेर लावलेली चित्रे त्याचीच असत. आत जाऊन तेच दृश्य शोधणारा प्रेक्षक तेव्हाही हताश होऊन बाहेर पडत असे. चालत्या चित्रातून चांगले स्थिर चित्र निघत नाही, हे धंद्यातल्या माणसांना पहिल्यापासून ठाऊक होते. उलट दिशेचा प्रवास मात्र साधतो: दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या (१९१३) आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून, त्या स्थिर चौकटी जोडून रोप झरझर वाढताना दाखवले होते. फाळक्यांचा वाटाणा जागचा हलत नव्हता, हा त्यांचा मोठा फायदा होता.

स्क्रीनशॉटचे खरे पूर्वज शोधायचे तर ते वेगळीकडे आहेत. तुटलेल्या चित्रपटफितीचे तुकडे गोळा करून, निकामी विजेच्या दिव्यातील आतडी काढून त्यात पाणी भरून त्याचे भिंग बनवणारी आणि आरशाने ऊन पाडून अंधाऱ्या खोलीतील भिंतीवर नायकाचे अर्धे डोके पाहणारी मुले महाराष्ट्राच्या गावोगाव होऊन गेली. त्यांच्या हाती कोणती चौकट येईल हे फीत कुठे तुटली यावर अवलंबून असे, आणि तिच्याबद्दल त्यांनी तक्रार केल्याची नोंद नाही.

कायद्याचाही उल्लेख केला पाहिजे. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १४ मध्ये चित्रपटाची प्रत काढण्याच्या हक्कात त्यातील कोणत्याही प्रतिमेचे छायाचित्र काढण्याचाही समावेश आहे. म्हणजे एक चौकट उचलणे हेही, तत्त्वतः, मालकाच्या परवानगीचे काम. त्याच अधिनियमाचे कलम ५२ मात्र खाजगी वा वैयक्तिक उपयोगासाठी, ज्यात संशोधनही मोडते, केलेल्या रास्त वापराला मोकळीक देते. नाडी दोन पदरी आहे की तीन पदरी याचा रात्री उशिरापर्यंत चाललेला शोध संशोधन नव्हे, असे म्हणण्यास कोणतेही न्यायालय धजावू नये. पुतण्याने तोच स्क्रीनशॉट वरातीच्या फ्लेक्सवर छापला, तर ही मोकळीक टिकणे कठीण. पण तेथे कायद्याआधी भूमितीच शासन करते. २५६ पिक्सेल रुंदीचे चित्र दहा फूट रुंद फ्लेक्सवर ताणले की प्रत्येक पिक्सेल सुमारे अर्ध्या इंचाचा होतो, आणि नायिकेच्या जागी गुलाबी फरशी बसवलेली दिसते.

शेवटी सारे साहित्य शिंप्यापुढे येते. वेल्ह्याच्या बाजारात मशीन थांबवून टेलर मोबाइल हाती घेतो, दोन बोटांनी चित्र मोठे करतो, बोट जरा आडवे सरकल्याने मध्येच गाभण म्हशीचे छायाचित्र येते, ते मागे सारून तो पुन्हा गळ्यावर येतो आणि चित्राविषयी एक अक्षरही न बोलता विचारतो, “आत्या, मापाचा ब्लाउज आणलाय का?” तो पिशवीत असतो. अस्तराचे बोलणे होते, लटकनांचे वेगळे पैसे ठरतात, आणि मग तो हूक पुढे ठेवायचे की मागे, असे विचारतो. या प्रश्नाचे उत्तर चित्रात नसते, कारण नायिकेचे मोकळे केस नेमके तेथवर आलेले असतात. गाणे पुन्हा लावावे लागते. बाजारात रेंज भरपूर असल्याने ते तत्काळ सुरू होते, आणि त्याआधी येते ती सिमेंटची जाहिरात, जिच्यात प्रत्येक गोणीची शिवण टाक्यागणिक मोजता येईल इतकी स्वच्छ दिसते.