कळमना ते खराडी

नागपूर भारताच्या ऐन मध्यावर आहे असं शाळेत शिकवतात आणि पुराव्यादाखल झीरो माइलचा खांब दाखवतात. मध्यावर असणं म्हणजे कुठूनही जवळ नसणं, हे मात्र शाळेत कुणी सांगत नाही. ते तिकीट काढताना कळतं. या मध्यावर असण्याचा सोन्यासारखा उपयोग १९४९ साली एकदा झाला. दिल्ली, मुंबई, कोलकाता, मद्रास अशा चारही दिशांनी विमानं टपालाच्या थैल्या घेऊन निघायची, मध्यरात्री नागपूरला भेटायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतायची. थोडक्यात, नागपूरहून पत्रांच्या प्रवासाची चोख व्यवस्था तेव्हाच झाली. माणसांची अजून चालू आहे.

त्यातून आम्ही कळमन्याचे. इथे धान्य, मिरची, संत्री, भाजीपाला अशी सगळ्यांची सोय आहे. कळमन्याला रेल्वे स्टेशनही आहे, फक्त लांबच्या गाड्यांना तिथे थांबा नाही. तरी त्या थांबतात. नागपूरचा फलाट मोकळा नसला की हावड्याकडून आलेली गाडी आमच्या आउटरला उभी राहते आणि आतले प्रवासी आमच्या गच्चीवरचे कपडे मोजतात.

विदर्भात घरटी एक मूल पुण्यात असतं. आमचं खराडीत आहे. दिवाळीनंतर त्याच्याकडे जायचं ठरलं आणि ‘कसं जायचं?’ हा प्रश्न मी चहाच्या वेळी मोठ्यानं विचारला. तो चहा जेवणापर्यंत चालला.

चिरंजीवांनी फोनवरून विमान सुचवलं. सव्वा तासात लोहगाव, तिथून खराडी हाकेच्या अंतरावर. पण विमानतळ सोनेगावला, म्हणजे कळमन्याच्या बरोबर उलट टोकाला. आधी गाव ओलांडा, मग दोन तास आधी पोचा आणि त्या दोन तासांत आपण पुण्याला नव्हे, काचेच्या दारापर्यंत आलो आहोत हे मान्य करा. शिवाय सामान माणशी पंधरा किलो. आमच्या घरात पंधरा किलो हे सामानाचं वजन नसून मुलाला द्यायच्या डब्यांचं आहे. भिवापुरी मिरचीचं तिखट हातातल्या पिशवीतून नेऊ देत नाहीत असं कळल्यावर सौभाग्यवतींनी विमान या विषयावर कायमचा पडदा टाकला.

शेजारचे अडत्ये भाऊ ट्रॅव्हल्सचे. ‘‘भाऊ, कायले डोकं खपवता? संध्याकाळी बसा, रातभर झोपा, सकाळी वाघोली. खराडी तं तिथंच हाय ना!’’ यात भूगोल शंभर टक्के बरोबर होता. नागपूरची बस अहिल्यानगरकडून पुण्यात शिरते, त्यामुळे खराडीकरांना ती दारात उतरवते आणि हिंजवडीकरांना तिथून दुसरा प्रवास सुरू करावा लागतो. अडचण एकच होती. आईला स्लीपरचा वरचा बर्थ मिळाला तर तिला चढवायचं कसं आणि खालचा मिळाला तर वर मला कोण चढवणार?

एसटीचा हिशेब सर्वांत मजेदार निघाला. आई पंच्याहत्तरीच्या पुढची, म्हणजे २०२२च्या ऑगस्टपासून तिला प्रवास फुकट. सौभाग्यवतींना मार्च २०२३पासून निम्मं तिकीट. घरात पूर्ण भाड्याचा माणूस मी एकटाच. ‘‘मग तुम्ही राहा ना घरी,’’ सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘अहो, किती वाचतात बघा.’’ हिशेबात चूक काढता आली नाही म्हणून मी एसटीच बाद केली.

मावसभाऊ समृद्धीवर फिदा. ११ डिसेंबर २०२२ला नागपुरात समृद्धी महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा ५२० किलोमीटरचा तुकडा, बिलासपूरची वंदे भारत आणि मेट्रोचा उरलेला भाग यांची उद्घाटनं एकाच दिवशी झाली. तेव्हापासून आमचा हा भाऊ कुठल्याही अंतराला १२०ने भागतो. पण समृद्धी मुंबईला जाते. पुण्याला जायचं तर संभाजीनगरला खाली उतरावं लागतं आणि उतरल्याबरोबर जुना महाराष्ट्र पुन्हा सुरू होतो. तोच ट्रॅक्टर, तीच उसाची बैलगाडी आणि गाव संपल्यावर येणारा तोच गतिरोधक. शिवाय समृद्धी सुरू होते शिवमडक्याला, तेही गावाच्या पार पलीकडे. नागपुरातून बाहेर पडायच्या सगळ्या नव्या वाटा कळमन्यापासून जास्तीत जास्त लांब कुठून निघतील, याचा कुणीतरी बारकाईनं अभ्यास केला असावा.

शेवटी निकाल आईनं दिला. ‘‘जे शेगावले थांबते, त्यानं जाऊ.’’ १० ऑगस्ट २०२५पासून अजनी-पुणे वंदे भारत सुरू झाली आहे आणि ती शेगावला थांबते. ज्येष्ठांची रेल्वेतली सवलत मार्च २०२०मध्येच बंद झाल्यामुळे आता घरातले तिघंही पूर्ण भाड्याचे होतो, म्हणून माझा विरोध मावळला.

राहिलं संत्र्याचं कॅरेट. वीस किलोचं ते धूड उचलून मेट्रोच्या जिन्यावर चढणं शक्य नव्हतं. आमच्या मेट्रोच्या एका मार्गिकेला ऑरेंज लाइन म्हणतात, पण खरं संत्रं कळमन्याहून ट्रकनंच जातं. अडत्ये भाऊंनी आदल्या संध्याकाळी कॅरेट ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकलं, क्लीनरच्या हातात नोट ठेवली आणि चिरंजीवांना बसचा नंबर कळवला. सगळा कारभार एका विडीत संपला.

आम्ही सकाळी प्रजापतीनगरला मेट्रोत चढलो, सीताबर्डीला बदलली आणि अजनीला पोचलो. दहाच्या सुमारास गाडी हलली. ८८१ किलोमीटर, बारा तास आणि सगळं बसून. वेग उत्तम, काच स्वच्छ, खुर्ची मऊ. पण खुर्ची ती खुर्चीच. वर्ध्यापर्यंत माणूस तिच्यात रुबाबात बसतो, बडनेऱ्यापर्यंत नुसता बसतो आणि अकोल्यानंतर ठेवल्यासारखा दिसतो. आई तेवढी सुखात होती. तिनं अजनीलाच चपला काढून सीटवर मांडी घातली होती.

शेगाव आलं तसे तिनं डोळे मिटून हात जोडले. पलीकडच्या काकांनी हळूच सांगितलं, ‘‘आजी, मंदिर तिकडल्या बाजूनं आहे.’’ आई डोळे न उघडता म्हणाली, ‘‘महाराजायले मागूनबी दिसते.’’

भुसावळनंतर डब्यात तुलनेचा तास भरला. विमानानं गेलो असतो तर? काकांनी हिशेब केला, ‘‘पोचून जेवण, झोप सगळं झालं असतं.’’ गाडीनं गेलो असतो तर? एका तरुणानं अंतराला १२०ने भागलं. हा आमच्या मावसभावाच्या पंथाचा. ट्रॅव्हल्सनं गेलो असतो तर? यावर सगळा डबा विचारात पडला, कारण ती बस संध्याकाळी सुटते. म्हणजे ट्रॅव्हल्सनं गेलो असतो तर आत्ता आम्ही घरीच लोळत पडलो असतो, असं उत्तर आलं. सर्वांना तोच पर्याय सर्वांत आरामाचा वाटला.

मनमाड गेलं. ऊन उतरलं. तेवढ्यात चिरंजीवांचा फोन आला.

‘‘बाबा, कॅरेट सकाळीच मिळालं. क्लीनरनं थेट गेटवर आणून दिलं. मस्त गोड आहेत. रूममेट, वॉचमन, समोरचे काका, सगळ्यांनी मिळून जवळजवळ संपवलीसुद्धा. तुम्ही कुठवर आलात?’’

मी खिडकीबाहेरची पाटी वाचली. ‘‘कोपरगाव.’’